उटीचे कलेक्टर जॉन सलिव्हन

आपल्या मंडळाच्या सहली आजवर उटीला किती वेळा गेल्या याची मोजदाद कोणी ठेवली असेल असे वाटत नाही. मे महिन्याची सुट्टी लागली, की मुलांना घेऊन मेट्टुपाळयमला पहाटे पोहोचावे, दात्यांच्या रुळावरून धापा टाकीत चढणाऱ्या लहानग्या गाडीत जागा मिळवावी, तळ्यात नौकाविहार करावा, वनस्पती उद्यानात डबा सोडावा आणि दोड्डबेट्टावर जाऊन थंडीने कुडकुडत चहा प्यावा, हा आपला परिपाठ आहे. गावाकडील मंडळी आली म्हणजे त्यांनाही आपण तिकडेच नेतो आणि महाबळेश्वर चांगले की उटी चांगली या वादात दोन्ही पक्षांची समजूत घालत बसतो. परंतु ज्या तळ्यात आपण नाव वल्हवतो ते तळे निसर्गाने केलेले नसून एका जिल्हाधिकाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी बांध घालून करविलेले आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. त्या अधिकाऱ्याचे नाव जॉन सलिव्हन. या गृहस्थांचा आपल्या सातारच्या गादीशीही एक संबंध आहे. तो पुढे येईलच.

सलिव्हनसाहेबांचा जन्म १७८८ साली लंडनमध्ये झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे मिसरूड फुटण्याच्या आत, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातील नोकरीत दाखल झाले. कारकुनीपासून सुरुवात करून निरनिराळ्या कचेऱ्यांतून अनुभव घेत १८१५ मध्ये ते कोइमतूरचे कलेक्टर झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणात टिपू सुलतान पडला आणि कोइमतूरचा मुलूख कंपनीकडे आला. त्याबरोबर उत्तरेकडे निळ्या भिंतीसारखी उभी असलेली पर्वतराजीही कागदोपत्री कंपनीची झाली. कागदोपत्री असे म्हणण्याचे कारण, वर काय आहे हे खाली बसून वसुली करणाऱ्या कोणालाही नीट ठाऊक नव्हते.

नीलगिरीचा शोध सलिव्हन यांनी लावला, असे प्रवासी पुस्तिकांतून सर्रास लिहिलेले असते. आम्हांस हे विधान मान्य नाही. ज्या डोंगरावर तोडांचे म्हशींचे गोठे आणि कमानीच्या आकाराची घरे पिढ्यानपिढ्या उभी होती, जेथे बडग शेती करीत होते, कोट लोहारकाम, कुंभारकाम व वाद्यवादन करीत होते, उतारावरच्या रानात कुरुंब व इरुळ राहत होते, त्या डोंगराचा शोध लागणे शिल्लक कसे राहिले होते? युरोपियनांपुरते बोलायचे तरी १६०३ मध्ये फिनिसिओ नावाचा एक जेझुइट पाद्री मलबारच्या बाजूने चढून तोडांना भेटून गेला होता. १८१२ मध्ये कीज व मॅकमहन हे मोजणीदार वर जाऊन आले. १८१८ मध्ये कलेक्टरच्या हाताखालील व्हिश व किंडर्सली हे दोन तरुण साहाय्यक दणायकनकोट्टैच्या बाजूने चढून गेले. तंबाखूची चोरटी ने-आण करणाऱ्यांच्या पाठलागावर ते होते, असे परंपरेने सांगतात. हे दणायकनकोट्टैचे किल्लेगाव आता भवानीसागर धरणाच्या पाण्याखाली आहे. या दोघांनी परत येऊन जे सांगितले ते खालच्या उकाड्यात बसलेल्या कलेक्टरला खरे वाटेना. वर विलायतेसारखी थंडी आहे, गवताची मैदाने आहेत, माणसे राहतात!

तेव्हा १८१९ च्या जानेवारीत सलिव्हन स्वतः निघाले. रस्ता असा नव्हताच. पायथ्याचे रान मलेरियाने व श्वापदांनी भरलेले, वर सरळसोट कडे. अनेक दिवसांची चढण संपवून मंडळी कोटगिरीच्या पठारावर पोहोचली. तेथे दिंबट्टी नावाच्या बडग वस्तीजवळ त्यांनी मुक्काम केला आणि त्याच वर्षी तेथे एक लहानसे घर बांधण्यास घेतले. त्याच साली लेशनोल द ला तूर हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ वर आले. प्रकृती इतकी खालावलेली, की त्यांना आधार देऊन चढवावे लागले. वरच्या हवेने ते थोड्याच दिवसांत हिंडू-फिरू लागले आणि दुर्मिळ वनस्पती गोळा करण्याच्या कामास लागले. या एका उदाहरणाचा उपयोग सलिव्हन यांनी पुढे फार केला. कंपनीचे गोरे शिपाई व अधिकारी तापाने मरत होते, हवापालटासाठी त्यांना दूरच्या केप ऑफ गुड होपपर्यंत पाठवावे लागत होते. मद्रासच्या इतक्या जवळ असे आरोग्यस्थान असताना हा खर्च कशासाठी, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

आम्ही सरकारी नोकरीत आयुष्य काढलेले आहे, त्यामुळे अशा मुद्द्यांचे पुढे काय होते हे आम्हांस ठाऊक आहे. मुद्दा बिनतोड असणे आणि खर्चाला मंजुरी मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. तथापि सलिव्हन यांची चिकाटी दांडगी. १८२१ मध्ये सफरमैना पलटणीचे लेफ्टनंट मॅकफर्सन यांची रस्त्याच्या कामावर नेमणूक झाली आणि सिरुमुगैपासून दिंबट्टीपर्यंतचा घाट १८२३ मध्ये पुरा झाला. घोडे, पालख्या व ओझ्याचे बैल वर जाऊ शकतील असा नीलगिरीचा हा पहिला मार्ग. आजच्या कोटगिरी घाटाने जाताना वळणावळणावर ज्यांचे पोट ढवळते त्यांनी मॅकफर्सनच्या मजुरांची आठवण करावी. त्यांना तर वळणेही स्वतःच खोदावी लागली.

मधल्या काळात सलिव्हन दिंबट्टीच्या पलीकडे, आणखी उंचावर, आज जेथे उटी शहर आहे त्या खोऱ्यापर्यंत जाऊन आले होते. समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवरचे हे खोरे त्यांच्या मनात भरले. तेथे तोडांचे एक मंद होते. मंद म्हणजे त्यांची वस्ती. त्या मंदाच्या नावाचे इंग्रजी जिभेवर उटकमंड झाले व पुढे आपल्या सर्वांच्या जिभेवर उटी झाले. मूळ नावातील एकुलत्या दगडाशी त्याचा संबंध जोडतात. १८२२ मध्ये सलिव्हन यांनी तेथे दगडी घर बांधण्यास आरंभ केला. ते उटीचे पहिले पक्के घर, स्टोनहाउस. स्थानिक लोक त्याला कल् बंगला म्हणू लागले. योगायोग असा, की याच सुमारास, १८२२ मध्येच, तिकडे सिमल्याला केनेडी नावाच्या अधिकाऱ्याचे पहिले पक्के घर उभे राहिले. स्टोनहाउसच्या परिसरात पुढे सरकारी कचेऱ्या आल्या व आता तेथे शासकीय महाविद्यालय आहे.

घर पूर्ण होताच सलिव्हन आपल्या पत्नीला वर घेऊन आले. हेन्रिएटाबाईंशी त्यांचा विवाह १८२० मध्ये झाला होता. उटीत वास्तव्य करणाऱ्या त्या पहिल्या युरोपियन स्त्री. शेजारी बोलायला आपल्या भाषेचे कोणी नाही, वाणसामान दोन-दोन दिवसांच्या वाटेवर, पावसाळ्यात घाट बंद, अशा ठिकाणी लहान मुले घेऊन बिऱ्हाड थाटणे कसे असेल? नवऱ्याच्या बदलीपायी परक्या मुलखात चूल मांडणाऱ्या आपल्याकडील भगिनींना त्याची कल्पना आमच्यापेक्षा अधिक येईल. कलेक्टरांच्या पराक्रमाची वर्णने पुष्कळ आहेत, या बाईंच्या दिनक्रमाविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले आहे.

सलिव्हन यांचा खरा छंद बागाईतीचा होता. बटाटा, कोबी, सलगम, स्ट्रॉबेरी, सफरचंद, पीच, बार्ली असे नाना प्रकार त्यांनी वर लावून पाहिले. काही साधले, काही फसले. बटाट्याने मात्र डोंगराचा अर्थव्यवहारच बदलून टाकला. बडग शेतकऱ्यांनी तो उचलला आणि पुढे नीलगिरीच्या बटाट्याचा व्यापार इतका वाढला, की मेट्टुपाळयमची बटाट्याची पेठ दक्षिणेत प्रसिद्ध झाली. उपासाच्या दिवशी आपल्या घरी जो बटाट्याचा कीस होतो, त्यात या साहेबाचा थोडासा वाटा आहे म्हणावयास हरकत नाही.

तळ्याचे काम याच हौसेतून निघाले. खोऱ्यातून वाहणारे ओढे अडवून त्यांनी १८२३ ते १८२५ या काळात बांध घातला. हेतू नौकाविहाराचा नव्हता. पाण्याचा साठा करावा, शेतीला उपयोग व्हावा, असा होता. त्यावर नावा फिरू लागल्या, काठाने रपेट करण्याची वाट झाली आणि करमणूक हाच तळ्याचा धर्म होऊन बसला. मूळ तळे आजच्यापेक्षा बरेच मोठे होते. त्याचा एक भाग भरून तेथे पुढे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान झाले, बसस्थानक झाले. आपण बसमधून उतरतो तेव्हा एका अर्थी सलिव्हन यांच्या तळ्यातच पाय ठेवतो. उरलेल्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळत आले आहे, ही गोष्ट नौकेतून जाताना नाकाला कळते. ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

गव्हर्नर सर थॉमस मन्रो हे शहाणे व सावध प्रशासक. ते १८२६ मध्ये उटीला येऊन स्टोनहाउसमध्ये राहिले. त्यांना हवा आवडली, परंतु घाईने पैसा ओतण्यास ते तयार नव्हते. पुढच्याच वर्षी ते पटकीने वारले आणि लशिंग्टन गव्हर्नर झाले. नव्या गव्हर्नरांना नीलगिरीचे मोठे वेड. येथून सलिव्हन यांचे ग्रह फिरले. ज्या कामासाठी आपण दहा वर्षे अर्ज-विनंत्या केल्या ते काम वरिष्ठांनी मनावर घेतले, म्हणजे आनंद व्हावा. पण वरिष्ठांनी ते मनावर घेताना आपल्याला बाजूला सारले, म्हणजे काय वाटते हे नोकरदार वाचक जाणतात. १८२८ मध्ये उटीवर मेजर केल्सो या लष्करी अंमलदाराची नेमणूक झाली व कलेक्टरचा तेथील अधिकार संपुष्टात आला. १८३० मध्ये तर नीलगिरीचा बराच मोठा भाग कोइमतूर जिल्ह्यातून काढून मलबारला जोडण्यात आला. तो परत यायला १८४३ उजाडावे लागले. कुन्नूरच्या बाजूने नवा घाट निघाला व कोटगिरीची वाट मागे पडली.

हा वाद केवळ मानापमानाचा नव्हता. जमीन कोणाची, हा त्यातला खरा प्रश्न होता. सलिव्हन यांचे म्हणणे असे, की डोंगरावरील कुरणे तोडांच्या पिढीजात मालकीची आहेत. सरकारला हवी असतील तर त्यांचा हक्क मान्य करून, मोबदला देऊन घ्यावीत. लशिंग्टन यांना हे मान्य नव्हते. जमीन सरकारची, तोडांना फार तर म्हशी चारण्याची मुभा, ही त्यांची बाजू. अखेर सरकारी धोरणात दुसऱ्या बाजूचीच सरशी झाली. तोडांच्या कुरणांवर पुढे काय काय उभे राहिले ते आपण दरवर्षी पाहतोच.

येथे सलिव्हन यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तोडांचे हे कैवारी स्वतः मोठे जमीनदार झाले होते. एकरी एक रुपया या दराने त्यांनी तोडांकडून उटीत जमीन घेतल्याचे सांगतात आणि ती थोडीथोडकी नव्हती. तोडांचा मालकी हक्क सिद्ध झाला, म्हणजे त्यांच्याकडून विकत घेणाऱ्या कलेक्टरचा हक्कही आपोआप सिद्ध होतो, हे त्यांच्या विरोधकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. आपल्याच अमलाखालील रयतेकडून अधिकाऱ्याने जमीन घ्यावी, ही गोष्ट आजच्या सेवानियमांत बसणारी नाही, आणि केवळ काळ निराळा होता एवढ्यावर तिला सोडून देणेही आम्हांस बरोबर वाटत नाही. मात्र एक खरे. पैसे देऊन घेणारा माणूस समोरच्याला निदान मालक तरी मानतो. सरकारने तेवढेही मानले नाही. सलिव्हन यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले, तर त्यांचा तोडांविषयीचा आग्रह निव्वळ स्वार्थाचा नसावा असे आमचे मत झाले आहे.

१८३० मध्ये ते विलायतेस परतले. तेथे कंपनीच्या कारभाराची चौकशी चालू होती. भारतीयांना वरच्या जागा दिल्या पाहिजेत, हे मत त्यांनी हिरिरीने मांडले. १८३५ मध्ये पुन्हा मद्रासला येऊन ते महसूल मंडळावर गेले व पुढे गव्हर्नरच्या कौन्सिलचे सभासद झाले. मानाचे पद मिळाले, पण घर उद्ध्वस्त झाले. १८३८ मध्ये उटीतच हेन्रिएटाबाई व मुलगी हॅरिएट या दोघी एकापाठोपाठ वारल्या. सेंट स्टीफन चर्चच्या मागील उतारावर त्यांची थडगी आहेत. टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या महालातील लाकूड वापरून लशिंग्टन यांच्या कारकीर्दीत हे चर्च उभे राहिले. ज्या गव्हर्नराने आपल्याला उटीवरून दूर केले, त्याच्याच चर्चच्या आवारात सलिव्हन यांना पत्नी व मुलगी सोपवावी लागली. १८४१ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कायमचा सोडला.

आता सातारची गोष्ट. महाबळेश्वरचे ठाणे वसले ते १८२९ च्या सुमारास. जागा होती सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची. त्यांनी ती मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना मोबदल्यात दुसरे गाव घेऊन दिली. वस्तीला नाव मात्र माल्कमपेठ पडले! ज्या राजाने इंग्रजांना थंड हवेचा डोंगर दिला, त्यालाच इंग्रजांनी दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, पदच्युत करून काशीला पाठवले. रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे त्यांची बाजू लढवली, हे आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत महाराजांवर अन्याय झाला असे उघड बोलणारे जे मोजके इंग्रज होते, त्यांत उटीचे हे निवृत्त कलेक्टर होते, ही गोष्ट आमच्या वाचनात आली तेव्हा आम्हांस आश्चर्य वाटले व संतोषही झाला. सभेत मते मोजली जात आणि ही बाजू हरत असे. १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीलाच निवर्तले. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले.

सलिव्हन यांनी तेवढ्यावर सोडले नाही. लाहोरहून नेलेल्या कोहिनूर हिऱ्यावर खरा हक्क कोणाचा, असा प्रश्न विचारणारी पुस्तिका त्यांनी १८५० मध्ये काढली. १८५३ मध्ये, देशी राजांशी केलेले तह पाळणे आपल्यावर बंधनकारक आहे की नाही, या विषयावर दुसरी. त्याच साली संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना, कंपनीच्या राज्यात रयत पूर्वीपेक्षा सुखी झाली आहे हे गृहीतच त्यांनी मान्य केले नाही. पुढे रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या आर्थिक इतिहासात या साक्षीचा आधार घेतला आणि इंग्रजी अंमलाला सलिव्हन यांनी दिलेली स्पंजाची उपमा राष्ट्रीय चळवळीतील वक्त्यांनी वारंवार वापरली. ती देणारा गृहस्थ आणि उटीला बटाटा नेणारा गृहस्थ एकच, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

१८५५ च्या जानेवारीत ते इंग्लंडात वारले. स्लाउजवळच्या अप्टन येथील सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यांचे पुत्र हेन्री एडवर्ड हेही पुढे मद्रासच्या सनदी सेवेत मोठ्या हुद्द्यावर चढले. विलायतेतील ते थडगे कित्येक वर्षे विस्मृतीत होते. एकविसाव्या शतकात नीलगिरीतील इतिहासप्रेमींनी ते पुन्हा शोधून काढले. २०२२ मध्ये उटीच्या दोनशेव्या वर्षाचा सोहळा झाला, त्या वेळी तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उटीत सलिव्हन यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले.

कोइमतुरात मात्र त्यांचे नाव पुतळ्याच्या पुष्कळ आधीपासून एका गल्लीला आहे. राजा स्ट्रीटच्या परिसरातील सलिव्हन स्ट्रीट ती हीच. या भागात सोने गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, व्यवसाय करणारी कितीतरी मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांतील पुष्कळांचे मूळ खानापूर तालुक्याकडचे. तो तालुका आज सांगलीत असला, तरी पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असे.

पुढच्या खेपेस उटीला जाणाऱ्यांनी एक दिवस कोटगिरीसाठी ठेवावा असे आम्ही सुचवतो. कोटगिरी गावापासून दोनएक किलोमीटरवर कन्नेरीमुक्कु नावाची बडग वस्ती आहे. तेथे सलिव्हन यांचा जुना बंगला दुरुस्त करून स्मारक म्हणून जपला आहे, आत जुनी छायाचित्रे व कागदपत्रे मांडलेली आहेत. गर्दी नसते. लाल रंगाची ती इमारत व समोरचे खोरे पाहण्यास तासभर पुरतो. रस्ता अरुंद असल्याने मोठी बस गावातच उभी करून चालत जाणे बरे, आणि दुपारनंतर धुके उतरते म्हणून सकाळची वेळ धरावी.